मालवणला पळणारी बोट तापोळ्याला का उचलत नाही? पंख्याच्या पिचचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणहून अठरा फुटी फायबरची जुनी बोट घेतलीत, मागे ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन. ती तापोळ्याला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, उतरवलीत. दोघं असताना टॅकोमीटर, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) मोजणारा काटा, ५३०० दाखवतो. सहा जण बसले की थ्रॉटल पूर्ण देऊनही ४७०० च्या वर जात नाही, जीपीएसवर जेमतेम ताशी ३८ किलोमीटर, आणि तिथवर पोचेपर्यंत बोट नाळ (पुढचं टोक) वर करून नुसती पाणी ढकलत राहते, उचलून पाण्याच्या वरून धावत नाही. पंख्यावर (प्रोपेलरवर) ११¼ × १४ कोरलंय. इंजिनच्या पुस्तिकेत फुल थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम आणि गिअर रेशो १.८५ दिलाय, म्हणजे इंजिनचे १.८५ फेरे झाले की पंख्याचा एक. दुकानदार म्हणतो १७ पिचचा पंखा लावा, स्पीड वाढेल.

१७ चा अजिबात लावू नका. तुम्हाला पिच वाढवायचा नाही, कमी करायचा आहे. मी आउटबोर्डचीच कामं करतो आणि हा सल्ला इतक्या लोकांना मिळालेला बघतो की सविस्तर लिहितो.

पंख्यावरचा पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचात. पाणी जराही मागे सरकलं नसतं तर एका पूर्ण फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता तो पिच. तुमचा १४ इंच. पाणी सरकतंच, म्हणून बोट प्रत्यक्षात त्याहून कमी जाते. या फरकाला स्लिप म्हणतात. थोडी स्लिप असायलाच हवी, तिच्याशिवाय पंखा बोटीला रेटाच देऊ शकत नाही. हलकी, पाण्यावर नीट उचललेली बोट असेल तर १० ते १५ टक्के ठीक.

आता तुमचाच हिशोब. ४७०० ला १.८५ ने भागा, पंख्याचे मिनिटाला साधारण २५४० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्याला १४ इंच धरले तर मिनिटाला ९०३ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर. प्रत्यक्षात मिळतात ३८. स्लिप ३० टक्के! बोट धड उचललीच जात नाहीये, पंखा पाणी घुसळतोय आणि इंजिन दमतंय. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून आंबोलीचा घाट चढवल्यासारखंच आहे हे. असं रोज चालवलं तर पेट्रोल तर जास्त जातंच, पण इंजिन तापतं, कार्बन धरतं, आणि आयुष्य कमी होतं. दुर्दैवाने आवाज कमी येत असल्यामुळे इंजिन आरामात चाललंय असंच लोकांना वाटतं.

मग मालवणला हाच पंखा कसा चालला? तिथे बोटीवर भार किती असायचा हे एकदा जुन्या मालकाला विचारा, बहुधा दोन-तीन माणसंच असणार. आणि दुसरं कारण उंची. शिवसागर भरलेला असताना समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर असतो. उंचीवर हवा विरळ होते आणि दर हजार फुटांमागे इंजिनाची ताकद साधारण ३ टक्क्यांनी घटते. म्हणजे तुमचं ६० चं इंजिन तिथे ५६ च्या आसपासचं झालं. शिवाय गोडं पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलकं, त्यामुळे बोट तिथे किंचित जास्त बसते. हा फरक तसा किरकोळ, पण सगळं एकाच बाजूला ओढतंय.

पिच निवडायचा नियम एकच: तुमच्या नेहमीच्या भाराला, फुल थ्रॉटलवर, इंजिन पुस्तिकेतल्या आरपीएमच्या पट्ट्यात आलं पाहिजे, शक्यतो वरच्या अर्ध्या भागात. स्पीड त्याच्या मागून येतो. पिच एक इंच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ चा लावलात तर सहा जणांना ५२००-५३०० आणि दोघांना ५८००-५९०० मिळतील. दोन्ही पट्ट्यात. १२ चा लावलात तर सहा जणांना ५१०० पर्यंत जाईल, पण काठावर. तुम्ही पाहुण्यांना फिरवायलाच बोट घेतलीय, तेव्हा मी ११ चाच घेईन. दोघांनी जाताना टॉप स्पीड चार-पाच किलोमीटरने कमी होईल हे खरं. सहा जणांसोबत मात्र स्पीड आहे तितकाच राहील किंवा थोडा वाढेल, आणि बोट झटकन उचलेल. बनाना राईड ओढणाऱ्या बोटींनाही मी नेहमी कमी पिचचाच पंखा सुचवतो. नवा पंखा घेताना व्यास ११⅝ वगैरे दिसला तर गोंधळू नका. पिच उतरला की व्यास थोडा वाढवलेला असतो.

पैसे घालायच्या आधी मात्र एक सकाळ तपासणीला द्या. बोट बाहेर काढून तळ बघा. समुद्रात उभी राहिलेल्या बोटीला शेवाळ आणि शिंपले चिकटलेले असतील तर तेवढ्यानेच काहीशे आरपीएम जातात. थ्रॉटलचा दांडा पूर्ण पुढे असताना इंजिनवरचा लिव्हर खरंच शेवटपर्यंत उघडतो का, हे कव्हर काढून डोळ्यांनी बघा. ताणलेली केबल बरेचदा दोषी निघते. इंजिनची कॅव्हिटेशन प्लेट, म्हणजे पंख्याच्या वरची आडवी पट्टी, बोटीच्या तळाच्या साधारण रेषेत हवी. आणि बसताना सगळ्यांना मागे कोंबू नका, दोघांना पुढे बसवा.

पंखा ॲल्युमिनियमचाच घ्या. स्टीलचा पातळ असतो, वाकत नाही, थोडा वेगही देतो, पण तिथे पाणी उतरलं की खडक पंख्याजवळ येतात. ॲल्युमिनियमचं पातं वाकलं तर पातं गेलं. स्टीलचा आदळला तर धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोचू शकतो.

बदलताना आधी किल लॅनयार्ड (ओढली की इंजिन बंद करणारी दोरी) काढून ठेवा आणि बॅटरी सोडा. प्लेट आणि पात्याच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवा म्हणजे नट सोडताना पंखा फिरणार नाही. पंखा निघाला की शाफ्टच्या मुळाशी तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला नाही ना, ते टॉर्च मारून नीट बघा. मालवणची बोट आहे, असण्याची शक्यता खूप. तो तंगूस सील कापतो, मग गिअर ऑईलमध्ये पाणी शिरतं आणि ऑईल दुधासारखं पांढरट होतं. स्प्लाइनला, म्हणजे शाफ्टवरच्या खाचांना, मरीन ग्रीस लावा, पंख्यामागचा थ्रस्ट वॉशर निघाला तसाच, त्याच बाजूने बसवा, नट सुटू नये म्हणून असते ती कॉटर पिन नवी घाला.

मग सहा जणांना बसवून मोकळ्या पाण्यात फुल थ्रॉटल द्या, ट्रिम (इंजिनचा मागे-पुढे कल) जुळवून आरपीएम टिपून घ्या आणि इथेच कमेंटमध्ये लिहा. ५००० च्या खाली राहिला तर दोष पंख्याचा नाही, इंजिनाचं कॉम्प्रेशन आणि इंधनाची लाईन तपासावी लागेल. १४ चा पंखा विकू नका. पाना, ठोकळा आणि जादा कॉटर पिनसोबत तो बोटीतच ठेवा; जलाशयात लांब, बामणोली गावाच्या पुढे पातं तुटलं तर त्याच्यावरच हळूहळू परत यायचंय.