बिहारच्या चंपारणमधल्या भितिहरवाला मुद्दाम जावं का? तिथे बघण्यासारखं आहे काय?

जावं. पण नुसता तिथला गांधींचा आश्रम बघायला गेलात तर पाऊण तासात हात हलवत परत याल. माझं जवळपास तेच झालं होतं. नरकटियागंजहून रस्त्याने इवल्याशा गावात पोचलो, कस्तुरबांचं म्हणून दाखवतात ते जातं बघितलं, शाळेची जुनी घंटा बघितली, झालं. बाहेर जिकडेतिकडे ऊस. नीळ औषधालाही नाही!

म्हणून जाण्याआधी थोडं वाचा. वीस कठ्ठ्यांच्या बिघ्यात तीन कठ्ठे नीळ लावायची सक्ती, म्हणजे तीनकठिया, एवढं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. त्यापुढची गोष्ट जास्त संतापजनक आहे. १८९७ मध्ये जर्मनीची कृत्रिम नीळ बाजारात आली, भाव पडले आणि हळूहळू कोठीवाल्या, म्हणजे निळीचे कारखाने चालवणाऱ्या गोऱ्यांनाच (तिकडे त्यांना ‘निलहे’ म्हणतात) नीळ नकोशी झाली. मग शेतकरी सुटला का? छे. सुटकेचेही पैसे घेतले. कुठे खंड वाढवला, त्याला म्हणायचे शरहबेशी. कुठे एकरकमी ‘तावान’, म्हणजे भरपाई, उकळलं. गांधी १९१७ मध्ये आल्यावर चौकशी समिती बसली, १९१८ च्या कायद्याने तीनकठिया गेली, पण तावानातले परत मिळाले फक्त पंचवीस टक्के.

आणि मराठी माणसाने तर जायलाच हवं. नोव्हेंबर १९१७ मध्ये इथे शाळा निघाली, ती कस्तुरबा आणि बेळगावचे सदाशिव लक्ष्मण सोमण सांभाळत. बांबू-गवताची ती झोपडी एका रात्री कुणीतरी पेटवून दिली. संशय निलह्यांच्या माणसांवर. सोमणांनी पुन्हा गवत शाकारलं नाही, लोकांना हाताशी धरून विटांचं घर बांधलं. तिकडे बडहरवा लखनसेनच्या शाळेत मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले होत्या. औषधपाण्याचं भारत सेवक समाजाचे डॉ. देव बघत. आपल्याकडे ही नावं फारशी कुणी घेत नाही, याचं मला तिथे उभं राहून जरा वाईटच वाटलं.

इथल्याच शेजारच्या एका वस्तीत कस्तुरबा बायकांना स्वच्छतेचं सांगायला गेल्या, तेव्हा एकीने त्यांना झोपडीत नेऊन दाखवलं की अंगावरच्या लुगड्याशिवाय दुसरं नाहीच, मग धुवायचं काय? गांधींनी हे लिहून ठेवलंय. ते वाचून गेलात तर त्या जात्यापुढे पाच मिनिटं जास्त थांबाल.

डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात, त्यामुळे फेब्रुवारी धरा. वाल्मीकीनगरचा वाघांचा प्रकल्प याच जिल्ह्यात आहे, तो जोडून होईल. गावात म्हातारं माणूस भेटलं तर ‘आश्रम कुठे’ऐवजी ‘कोठी कुठे होती’ असं विचारा.