बॅरन बेटावर ज्वालामुखी जागा असताना बकऱ्या आणि झाडं कशी जगतात?

तुम्ही विचारलं आहे की भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी असलेल्या बॅरन बेटावर रानटी बकऱ्या राहतात हे खरं आहे का, तिथे आणखी काय जगतं, आणि आपण नागपूरकरांनी ठरवलं तर ते बेट पाहता येईल का.

खरं आहे. बकऱ्या आहेत, उंदीर आहेत, वटवाघळं आहेत, पक्षी आणि किडे आहेत, आणि बेटाच्या एका अंगाला चांगलं दाट जंगलही आहे. माणूस मात्र नाही, कधी वस्तीला नव्हता. मी नागपुरात भूगोल शिकवतो. हे बेट मी बोटीवरून पाहिलं आहे आणि तेव्हापासून त्याबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी जागा समजून घेऊ. पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) ईशान्येला सुमारे १४० किलोमीटरवर, अंदमान समुद्रात हे बेट आहे. जेमतेम ३ किलोमीटर व्यासाचं, जवळपास गोल. काठ एका बाजूने तुटलेली परात घ्या आणि तिच्या मधोमध राखेची ढेरी घाला, असा त्याचा आकार. परातीचा काठ म्हणजे जुन्या, मोठ्या ज्वालामुखीची कोसळून उरलेली भिंत. तिची उंची कुठे कुठे ३५० मीटरच्या आसपास जाते. मधली ढेरी म्हणजे आजचा ज्वालामुखी, आणि पश्चिमेकडच्या तुटलेल्या बाजूने लाव्हा समुद्रात उतरतो. ही तुटकी बाजू लक्षात ठेवा, कारण बेटावरच्या जीवांचं सगळं गणित तिच्यावर चालतं. आपल्याला दिसतो तो नुसता शेंडा आहे. तिथला समुद्रतळ २००० मीटरहून खोल आहे, म्हणजे डोंगराचा बहुतेक भाग पाण्याखालीच.

मग अंदमानची बाकी बेटं ज्वालामुखी का नाहीत? पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं, म्हणजे भूपट्टांचं बनलेलं आहे. भारतीय भूपट्ट अंदमानच्या पश्चिमेला बर्मा भूपट्टाखाली सरकतो. सरकताना त्याच्यावरचा गाळ खरवडला जातो आणि तो वर साचून अंदमानची मोठी बेटं तयार झाली. खाली गेलेला भूपट्ट पूर्वेकडे उतरत राहतो. साधारण १०० किलोमीटर खोल गेला की दाबाने आणि उष्णतेने त्याच्या खडकांत अडकलेलं पाणी बाहेर पडतं. हे पाणी वरच्या गरम प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, मिसळलं की तिथल्या खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. म्हणून ज्वालामुखींची रांग मुख्य बेटांच्या पूर्वेला आहे. पाण्यामुळे खडक वितळतो हे वर्गात सांगितलं की मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत.

आपला इथला काळा दगडही लाव्ह्याचाच. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, गिट्टीखदानकडचा दगड, सगळा दख्खनचा बेसाल्ट. पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबलचक भेगांतून पुरासारखा पसरला. त्याचा विस्तार आजही ५ लाख चौरस किलोमीटरच्या घरात आहे आणि त्याची पूर्वेकडची कड नागपूरपाशी संपते. बॅरनचा खडकही बहुतांशी बेसाल्टच, पण जन्माची रीत वेगळी आणि व्याप तर नखाएवढा.

आता इतिहास थोडक्यात. १७८७ साली जहाजावरून धूर पाहिल्याची पहिली पक्की नोंद आहे. दोन वर्षांनी आर्किबाल्ड ब्लेअर, ज्याच्यावरून पोर्ट ब्लेअरला नाव मिळालं, तिथून गेला तेव्हाही उद्रेक चालू होता. १९व्या शतकाच्या पूर्वार्धात तो निवला आणि दीडशेहून अधिक वर्षं शांत राहिला. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एफ. आर. मॅलेट यांनी १८८५ साली या बेटाचं आणि शेजारच्या नारकोंडमचं सविस्तर वर्णन केलं, ते या शांततेच्या काळातलं. मग मार्च १९९१ मध्ये बेट जागं झालं आणि जवळपास सहा महिने धगधगत राहिलं. पुन्हा १९९४-९५ मध्ये, आणि डिसेंबर २००४ च्या सुमात्रा भूकंपानंतर काही महिन्यांनी, मे २००५ मध्ये. तेव्हापासून ते अधूनमधून चालूच आहे. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ जवळच समुद्रतळाचे नमुने घेत होते, तेव्हा त्यांच्यासमोर राख उसळली. दिवसा राखेचे ढग दिसत होते आणि अंधार पडल्यावर विवरातून उडणारे लाल लाव्ह्याचे फवारे.

१९९१ च्या उद्रेकाने बेटाचं बरंच नुकसान केलं. एप्रिल १९९३ मध्ये एक पथक पाहणीला गेलं होतं. बेटावर आधी जमिनीवरच्या १६ जातींचे पक्षी माहीत होते, पथकाला त्यातल्या ६ दिसल्या. सगळ्यांत जास्त संख्येने होतं ते पांढरं-काळं समुद्री कबूतर, जे अंदमानात बेटाबेटांवर फळं खात हिंडतं. रात्रीच्या पाहणीत उंदरांची एक जात सापडली, आणि किड्यांच्या ५१ जाती. या वेळी बेटावरून गरम वायू निघतच होते.

मला यातली ५१ ही संख्या फार महत्त्वाची वाटते. उद्रेक थांबून दीड वर्ष झालेलं, मधला भाग काळाठिक्कर, आणि तरी ५१ जातींचे किडे! असं होतं कारण लाव्हा बेटावर सगळीकडे सारखा पसरत नाही. तो मधल्या खळग्यात साचतो आणि पश्चिमेच्या तुटक्या बाजूने समुद्रात जातो. जुनी भिंत तो ओलांडत नाही. त्यामुळे भिंतीच्या बाहेरचे दक्षिणेकडचे आणि पूर्वेकडचे उतार लाव्ह्यापासून वाचतात. राख तिथेही पडते, पानं करपतात, काही पक्षी उडून जातात. पण झाडांची मुळं, जमिनीतलं बी आणि मातीतले किडे शिल्लक राहतात. पुढच्या पावसाळ्यात सगळं पुन्हा सुरू होतं, आणि अंदमानात पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे आपल्या नागपूरच्या जवळजवळ तिप्पट. राख भुसभुशीत असते, पाणी धरते आणि तिच्यात खनिजं भरपूर असतात. उणीव असते ती नत्राची, आणि ती पक्ष्यांची विष्ठा भरून काढते. विष्ठेतून वड-उंबरांच्या वर्गातल्या झाडांचं बी येतं, वाऱ्यावर नेच्यांचे बीजाणू येतात, लाटांवर तरंगणारी फळं किनाऱ्याला लागतात.

सगळं बेट भाजून निघालं तर? त्याचंही उदाहरण आहे. १८८३ साली इंडोनेशियातलं क्राकाटोआ फुटलं आणि उरलेला तुकडा गरम राखेखाली गाडला गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिथे गेलेल्यांना एकच जीव सापडला, एक बारीकसा कोळी. हवेत धागा सोडून तो वाऱ्यावर आला असणार. पन्नासेक वर्षांत त्याच बेटावर जंगल उभं होतं.

इतकं लांब जायचीही गरज नाही. आपल्या टाकळीला, म्हणजे आज शहराच्या पोटात आलेल्या भागात, १९व्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांना लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या शंखांचे, बियांचे, फळांचे आणि भुंगेऱ्यांच्या कडक पंखांचे जीवाश्म मिळाले. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे मिशनरी. म्हणजे एक लाव्हा येऊन निवला, त्यावर तळं साचलं, तळ्याकाठी झाडं आली, किडे आले, आणि मग दुसरा लाव्हा आला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानच्या थरांतही तेच दिसतं, तिथल्या वनस्पतींचा अभ्यास जीवाश्मतज्ज्ञ बिरबल साहनींनी केला होता. लाव्हा आणि जीव यांचा हा व्यवहार फार जुना आहे.

पाण्याखाली तर बॅरन आणखी श्रीमंत आहे. जमिनीवरून माती धुऊन आणणारी मोठी नदी तिथे नाही, त्यामुळे पाणी नितळ. समुद्रात शिरून थिजलेला लाव्हा म्हणजे प्रवाळाच्या पिल्लांना चिकटायला नवा, टणक, मोकळा पृष्ठभाग, आणि जुन्या लाव्ह्यावर तिथे प्रवाळ झपाट्याने वाढलेले दिसतात. किनारा सोडला की तळ एकदम खोल जातो, म्हणून मांटा रे हे मोठाले चपटे मासेसुद्धा काठाशी येतात. पाणबुडे त्यांच्यासाठीच एवढ्या लांब जातात. या प्रवाळांना घोर लाव्ह्याचा नाही, तापलेल्या समुद्राचा आहे. २०१० आणि २०१६ साली अंदमानचं पाणी तापलं तेव्हा ठिकठिकाणचे प्रवाळ पांढरे पडले.

आता बकऱ्या. १९व्या शतकाच्या अखेरीस एका जहाजाने त्या तिथे सोडल्या. त्या काळी निर्जन बेटांवर बकऱ्या सोडायची पद्धतच होती, वाट चुकलेल्या खलाशांना मांस मिळावं म्हणून. बेटाच्या आग्नेय अंगाला गोड्या पाण्याचे झरे आहेत, बाकी पानं आणि गळलेली फळं. एवढ्यावर त्यांनी १९९१ चा उद्रेकही काढला. ऐकायला कौतुक वाटतं, मलाही वाटायचं. पण बकरी कोवळं रोप ठेवत नाही. राखेवर पहिलं रोप उगवतं तेव्हाच ते खाल्लं गेलं तर उतार उघडा राहतो, आणि ३००० मिलिमीटर पाऊस उघड्या राखेचं काय करतो ते सांगायला नको. उंदीर पक्ष्यांची अंडी खातात. ज्वालामुखी काही महिने जाळतो आणि थांबतो. बकऱ्या आणि उंदीर बारा महिने खात असतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, बेटाला खरा धोका विवराचा नाही, माणसाने आणून टाकलेल्या प्राण्यांचा आहे, आणि शक्य तेव्हा त्या बकऱ्या तिथून काढायला हव्यात. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापॅगोसमधल्या इझाबेला आणि सँटियागो बेटांवरून याच कारणाने लाखाहून अधिक बकऱ्या हटवल्या, आणि आल्सेडो ज्वालामुखीच्या माथ्यावर रान पुन्हा धरू लागलं.

बॅरनच्या उत्तरेला सुमारे १३५ किलोमीटरवर नारकोंडम आहे, त्याच रांगेतलं, पण इतिहासकाळात कधी न फुटलेलं. उंची ७१० मीटर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवंगार. तिथला धनेश हा मोठ्या चोचीचा पक्षी जगात दुसरीकडे कुठेही रानात नाही. संपूर्ण प्रजाती सात-एक चौरस किलोमीटरवर आहे! महाराजबागेत किंवा सेमिनरी हिल्सवर पिंपळाची फळं खाणारा आपला राखी धनेश तुम्ही पाहिला असेल, त्याचाच हा नातेवाईक. नराचं डोकं आणि मान तांबूस, मादी काळी. घरट्याला त्याला म्हाताऱ्या झाडाची ढोली लागते. या बेटावर पोलिसांची चौकी आहे, आणि १९७० च्या दशकात तिच्याबरोबर बकऱ्या आल्या होत्या. त्या पसरल्या, रोपं खाऊ लागल्या, आणि पुढे त्यांना काढावं लागलं. तिथे तटरक्षक दलाच्या रडारचा प्रस्ताव होता, तो २०१२ साली पर्यावरण मंत्रालयाने नाकारला, पण २०१४ साली त्याला मंजुरी दिली. मला आधीचा नकारच योग्य वाटतो. सुरक्षेची गरज खरीच आहे, पण रडारला पर्यायी जागा शोधता येते, या पक्ष्याला नाही.

आइसलँडजवळ १९६३ साली समुद्रातून वर आलेल्या सुर्ट्सी बेटावर तर शास्त्रज्ञांशिवाय कुणाला पाऊलच ठेवू देत नाहीत. एकदा तिथे टोमॅटोचं झाड उगवलेलं सापडलं, कुणीतरी उघड्यावर शौचाला बसल्याचा परिणाम. ते लगेच उपटून टाकलं.

तुमचा शेवटचा प्रश्न, जाता येईल का. बेट अभयारण्य आहे. पर्यटकांना उतरू देत नाहीत, बोटीतून पाहता येतं, आणि त्यासाठीही वनखात्याची परवानगी लागते. नागपूरहून चेन्नई किंवा कोलकाता गाठून विमानाने श्री विजयपुरम, पुढे बोट. बोट ठरवताना परवानगी कुणी काढायची हे आधीच विचारून घ्या. पाण्याखाली उतरायचं असेल तर स्वराज द्वीपवरच्या (पूर्वीचं हॅवलॉक बेट) डायव्हिंगवाल्यांकडे चौकशी करा, पण आधी प्रशिक्षण घेऊनच. डिसेंबर ते एप्रिल समुद्र बऱ्यापैकी शांत असतो. पावसाळ्याचा विचारही करू नका. उद्रेक चालू असेल तर बोट लांबूनच फिरवतात. सोबत दुर्बीण न्या आणि पूर्वेची बाजू दाखवायला नावाड्याला मुद्दाम सांगा, कारण धूर पश्चिमेकडून छान दिसतो म्हणून सगळे तिकडेच थांबतात आणि जंगल न पाहताच परततात.

आणि तोपर्यंत १ मे किंवा १५ ऑगस्टला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो तेव्हा जाऊन या. लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे एरवी आत जाता येत नाही. चढताना कडेचा काळा दगड नीट पाहा.