सर्वांत थोर शास्त्रज्ञ कोण? वाद घाला, पण आकडे घेऊन

इतिहासातला सर्वांत थोर शास्त्रज्ञ कोण, या विषयाभोवती फिरणारे प्रश्न यावेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत जमेल तिथे वही-पेन्सिल घेऊन पडताळता येईल असा हिशेब किंवा प्रयोग दिला आहे. नुसत्या नावांच्या जयजयकाराने पान भरते, वाद पुढे सरकत नाही.

प्रश्न : नववीच्या वर्गात ‘न्यूटन थोर की आइन्स्टाइन’ असा वादविवाद ठेवला, की मुले चरित्रातले किस्से सांगत बसतात. सफरचंद, विस्कटलेले केस, जीभ बाहेर काढलेला फोटो. चर्चा मुद्द्यावर कशी आणावी? (शिक्षिका, सातारा)

उत्तर : विषयाचे नावच बदला. ‘थोर कोण’ याऐवजी ‘हा माणूस नसता तर काय अडले असते आणि किती काळ’ असे विचारा. किस्से आपोआप गळून पडतात, कारण या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर त्याच काळात तेच काम आणखी कोण करत होते हे शोधावे लागते.

ही फूटपट्टी लावली की भल्याभल्यांची उंची बदलते. कलनशास्त्र (कॅल्क्युलस) न्यूटनने शोधले हे खरे, पण लाइब्निट्झनेही ते स्वतंत्रपणे शोधले, आणि आज आपण वापरतो ती चिन्हे बहुतांशी लाइब्निट्झची आहेत. डार्विन वीस वर्षे उत्क्रांतीचे टिपण जपून ठेवत होता. जून १८५८ मध्ये निसर्ग-अभ्यासक वॉलेसचे पत्र आले आणि त्यात तोच विचार होता. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत दोघांचे लेखन एकत्रच वाचले गेले. आइन्स्टाइनचा १९०५ चा विशिष्ट सापेक्षतावादही लोरेंट्झ आणि प्वँकारे यांच्या कामाच्या इतका जवळचा आहे की तो फार तर काही वर्षे लांबला असता.

१९१५ चा व्यापक सापेक्षतावाद, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा त्याचा सिद्धांत, मात्र वेगळा. १८५९ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिएने दाखवले होते की बुधाची कक्षा हिशेबापेक्षा थोडी जास्त फिरते. पुढे हा फरक शतकाला ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग) इतका ठरला. तो भरून काढायला लोक सूर्याजवळ एक न दिसणारा ग्रहसुद्धा कल्पून बसले. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनने कोणताही आकडा हाताने न जुळवता समीकरणांतून तेच ४३ काढून दाखवले. जर्मन गणिती हिल्बर्ट शेवटच्या टप्प्यात समीकरणांच्या जवळ आला होता, पण मूळ कल्पना आइन्स्टाइनची होती. ‘अडले असते’ या कसोटीवर आमचे मत १९१५ च्या आइन्स्टाइनला. कामाचा विस्तार आणि प्रयोग-गणित दोन्हींवरची हुकूमत पाहायची असेल, तर न्यूटनच्या जवळपास कोणी येत नाही.

वर्गासाठी व्यवस्था अशी करा : प्रत्येक बाजूने शास्त्रज्ञाचे एकच काम निवडायचे, चार मिनिटे बोलायचे आणि त्यात निदान एक आकडा फळ्यावर मांडून दाखवायचा. समोरच्या बाजूला तो हिशेब तपासायला दोन मिनिटे. निम्मे गुण हिशेबाला. मुले हमखास फसतात ती ‘सर्वप्रथम’ या शब्दावर. तो शब्द उच्चारला की लगेच साल विचारा आणि ‘तेव्हा आणखी कोण?’ हेही विचारा.

प्रश्न : न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी भास्कराचार्यांनी गुरुत्वाकर्षण शोधले, असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरतो. मग सर्वांत थोर भास्कराचार्य का नव्हेत? (वाचक, जळगाव)

उत्तर : श्लोक खरा आहे. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात ‘आकृष्टिशक्तिश्च मही’ असे शब्द आहेत. पृथ्वीच्या अंगी ओढण्याची शक्ती आहे आणि आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे खेचते, असा त्याचा आशय. ११५० च्या ग्रंथात हे स्पष्ट लिहिलेले असणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण मेख पुढे आहे : ओढ किती, आणि अंतर वाढले की ती किती घटते, याचा नियम श्लोकात नाही. तो नियम चंद्रावर चालतो का, हे न्यूटनने पाहिले. तो हिशेब तुम्हीही करा.

पृथ्वीच्या मध्यापासून चंद्र सरासरी ३,८४,४०० किमी दूर आहे. कक्षेचा परीघ झाला सुमारे २४,१५,००० किमी. एका फेरीला २७.३२ दिवस, म्हणजे सुमारे २३,६०,००० सेकंद लागतात. वेग येतो सेकंदाला १.०२३ किमी, अर्थात १,०२३ मीटर. वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या (त्रिज्या मीटरमध्ये, ३८,४४,००,०००) केले की चंद्राचे पृथ्वीकडचे त्वरण मिळते : ०.००२७२ मीटर प्रतिसेकंद वर्ग. जमिनीवर दगडाचे त्वरण ९.८१. दोन्हींचे गुणोत्तर सुमारे ३,६००. आता अंतर पाहा. चंद्र पृथ्वीच्या ६० त्रिज्या दूर आहे, आणि ६० चा वर्ग ३,६००. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ घटते, हे इथे उघड्या डोळ्यांनी दिसते. दुसऱ्या शब्दांत, दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो आणि चंद्र पहिल्या मिनिटात तेवढाच ‘पडतो’. न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’त (१६८७) पॅरिसच्या फुटांत हीच तुलना दिली आहे.

गुणोत्तर ३,६०० ऐवजी ४,२०० च्या घरात आले, तर तुम्ही अमावास्या ते अमावास्या हा २९.५ दिवसांचा महिना घेतला आहे. तो चालत नाही, कारण तेवढ्या काळात सूर्याभोवती पृथ्वीही पुढे सरकलेली असते. चंद्राला पुन्हा त्याच नक्षत्रात यायला लागतात ते २७.३२ दिवसच घ्यायचे. उत्तर हजारपट चुकले, तर किमी आणि मीटर एकत्र झाले आहेत. आणि अगदी काटेकोर आकडे घेतले (३,८४,४०० भागिले ६,३७१ म्हणजे ६०.३, वर्ग ३,६४०), तर एक टक्क्याची फट उरते. तीही खरी आहे. चंद्राचे वस्तुमान पृथ्वीच्या ८१ व्या भागाइतके असल्याने दोघेही एका सामाईक मध्याभोवती फिरतात, म्हणून ही फट.

तरुण न्यूटनचाही हा हिशेब आधी नीट जुळला नव्हता. १६६० च्या दशकातल्या त्याच्या टिपणात गुणोत्तर ‘४,००० आणि वर’ असे आहे. त्याने पृथ्वीच्या परिघावरचा एक अंश ६० मैलांचा धरला होता, प्रत्यक्षात तो सुमारे ६९ मैलांचा आहे. पृथ्वी लहान धरली, की तिच्या त्रिज्येत मोजलेली चंद्राची कक्षाही लहान होते आणि गुणोत्तर फुगते. फ्रान्समध्ये पिकार या खगोलशास्त्रज्ञाने १६६९-७० मध्ये अंशाची चांगली मोजणी केल्यावर अचूक आकडा हाती आला.

राहता राहिले भास्कराचार्य. त्यांना गुरुत्वाकर्षणाच्या शर्यतीत उतरवण्याचे कारणच नाही. ६१ गुणिले एका संख्येचा वर्ग, अधिक एक, बरोबर दुसऱ्या संख्येचा वर्ग, अशा पूर्ण संख्या शोधा हे कोडे त्यांनी चक्रवाल (तीच कृती पुन्हा पुन्हा करत उत्तरापर्यंत नेणाऱ्या) पद्धतीने सोडवले : २२,६१,५३,९८० आणि १,७६,६३,१९,०४९. हेच कोडे फ्रेंच गणिती फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितींना आव्हान म्हणून घातले. तुमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटणे येथे, त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. अभिमानच बाळगायचा, तर तो चक्रवालाचा बाळगा.

प्रश्न : न्यूटनचा दोन लोलकांचा प्रयोग (पहिल्या लोलकाने सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करायचे आणि त्यांतला एकच दुसऱ्यातून पाठवायचा) करून पाहिला. दुसऱ्या लोलकातून एकच रंग बाहेर यायला हवा, पण कडेला इतर रंगही दिसतात. कुठे चुकते? (बी.एस्सी.चा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर : फ्रान्समधला नामांकित प्रयोगकार मारिऑतही इथेच अडला होता. १६८१ मध्ये त्याने जांभळा किरण दुसऱ्या लोलकातून पाठवला, तर लाल-पिवळेही दिसले. न्यूटनवर फ्रेंचांचा बराच काळ विश्वास बसला नाही, त्यामागे हेही एक कारण होते.

न्यूटनच्या १६७२ च्या पत्रातली मापे अशी : खिडकीच्या फळीला पाव इंचाचे भोक, भिंत २२ फुटांवर, रंगांचा पट्टा सव्वातेरा इंच लांब आणि रुंदी फक्त दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच. मुद्दा रंगांचा नव्हता, या पाचपट लांबीचा होता. सगळा प्रकाश सारखाच वाकत असता, तर ठिपका गोल पडायला हवा होता. मात्र ही अपेक्षा लोलक किमान विचलनाच्या, म्हणजे किरण कमीत कमी वाकतो त्या, स्थितीत असेल तरच खरी. लोलक सावकाश फिरवा. भिंतीवरचा पट्टा एका दिशेने सरकतो, थांबतो आणि परत फिरतो. थांबतो तिथे लोलक पक्का करा. हे न केल्यास पट्टा नुसत्या भूमितीमुळेही ताणला जातो आणि युक्तिवादच ढासळतो.

तुमची अडचण सूर्याची आहे. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असते. तीन मीटरवरच्या भिंतीवर प्रत्येक रंगाची सुमारे साडेतीन सेंमीची चकती पडते, आणि साध्या काचेचा ६० अंशांचा लोलक लाल ते जांभळा एवढे अंतर जेमतेम नऊ सेंमी पसरवतो. चकत्या एकमेकींवर चढतात. फटीतून तुम्ही ‘हिरवा’ म्हणून जो घेता, त्यात शेजारच्या रंगांचा पट्ट्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा भाग मिसळलेला असतो. दुसरा लोलक बिचारा तोच उघड करतो.

उपाय न्यूटननेच नंतर दिला : भिंग घाला. चष्म्याच्या दुकानात मिळणारी +२ नंबरची काच, म्हणजे नाभीय अंतर ५० सेंमी, चालेल. भोक २ मिमीचे करा, भिंग भोकापासून एक मीटरवर, भिंगाला लागूनच लोलक आणि पुढे एक मीटरवर पुठ्ठा. आता पुठ्ठ्यावर सूर्याची नव्हे, तर भोकाची २ मिमी रुंद प्रतिमा पडते आणि रंगांचा पसारा सुमारे ३ सेंमी असतो. मिसळ पंधराव्या हिश्श्यावर येते. पुठ्ठ्याला दीड-दोन मिमीची उभी फट पाडून तिच्यामागे दुसरा लोलक ठेवा. खोली खरोखर अंधारी हवी. दारातून येणारा उजेड दुसऱ्या लोलकाच्या कडांवर रंग उमटवतो आणि दोष पहिल्याला लागतो. सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणून बाहेर आरसा धरून किरण भोकावर आणणारा एक सोबती लागतोच. किरणाच्या वाटेत डोळा मात्र कधीही आणू नका.

प्रश्न : दोन नोबेल मिळवणाऱ्या मारी क्युरीच सर्वांत थोर नाहीत का? (गृहिणी, ठाणे)

उत्तर : नोबेल १९०१ पासून सुरू झाले. ती फूटपट्टी धरली तर गॅलिलिओ, न्यूटन, फॅरेडे सगळे शून्यावर बाद. दोन वेगळ्या विज्ञानांत नोबेल (भौतिकी १९०३, रसायन १९११) मात्र फक्त क्युरींनाच मिळाले आहे.

त्यांचे मोठेपण पाहायचे असेल, तर एक बारीक पायरी पाहा. १८९८ मध्ये त्यांना आढळले की पिचब्लेंड आणि चाल्कोलाइट ही खनिजे शुद्ध युरेनियमपेक्षा जास्त किरणोत्सारी आहेत. खनिजात युरेनियम तर कमीच असते, मग हे कसे? त्यांनी शुद्ध क्षारांपासून चाल्कोलाइट प्रयोगशाळेत स्वतः बनवले. या कृत्रिम खनिजाची किरणोत्सारी क्रिया नैसर्गिकापेक्षा खूपच कमी भरली. म्हणजे जास्तीचा भाग कुठल्यातरी अनोळखी मूलद्रव्याचा होता. पुढचे काम अंगमेहनतीचे. रेडियमचे क्लोराइड बेरियमच्या क्लोराइडपेक्षा कमी विरघळते, म्हणून द्रावण थंड करत जे स्फटिक आधी पडतील ते उचलायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा पाडायचे. काही टन खनिजातून १९०२ पर्यंत एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड मिळाले. त्यावरून त्यांनी काढलेला अणुभार २२५ होता, आजचा २२६ आहे.

प्रश्न : हल्ली संशोधकांचा ‘एच-इंडेक्स’ काढतात. त्यानेच क्रम लावला तर? (प्राध्यापक, पणजी)

उत्तर : लावून बघा. एच-इंडेक्स १० म्हणजे निदान दहा लेख असे, की प्रत्येकाचा उल्लेख किमान दहा वेळा झाला आहे. मेंडेलचा वाटाण्यावरचा लेख १८६६ चा. त्यातली एक नोंद : ५,४७४ गोल दाणे, १,८५० सुरकुतलेले, प्रमाण २.९६ ला १. आनुवंशिकतेचा पाया या एका लेखात आहे, आणि १९०० मध्ये तो पुन्हा उजेडात येईपर्यंत त्याची दखल जवळपास कोणी घेतली नाही. मेंडेलचा इंडेक्स एकाच्या वर कसा जाणार? आजच्या नेमणूक समितीने अर्ज परतच पाठवला असता.

प्रश्न : आर्यभटांची एखादी गोष्ट घरी पडताळता येते का? (दहावीतला विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : येते, दुर्बीणही लागत नाही. आर्यभटीयात (इ.स. ४९९) ४३,२०,००० वर्षांच्या युगात पृथ्वी स्वतःभोवती १,५८,२२,३७,५०० वेळा फिरते असे दिले आहे. त्यातून ४३,२०,००० वजा करा, म्हणजे १,५७,७९,१७,५०० दिवस. दिवसांना फेऱ्यांनी भागून ८६,४०० ने गुणा : एका फेरीला २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद. आजचा आकडाही हाच आहे.

याचा अर्थ तारा रोज ३ मिनिटे ५६ सेकंद आधी उगवतो. गच्चीवर एक खुर्ची पक्की करा, डोके टेकायला मागे उशी बांधा आणि समोरच्या इमारतीच्या उभ्या कडेमागे एक ठळक तारा नेमका कधी दिसेनासा होतो ती वेळ मोबाइलवर सेकंदासकट लिहा. सात रात्रींनी तीच घटना सुमारे साडेसत्तावीस मिनिटे आधी घडेल. खुर्ची हलली तर काही मिनिटांची चूक सहज होते. कड शक्यतो दक्षिणेकडच्या आकाशातली निवडा. ध्रुवाजवळचे तारे इतके हळू सरकतात की क्षण पकडता येत नाही. आणि न लुकलुकणारा ठिपका टाळा. तो बहुधा ग्रह असतो, आणि ग्रह ताऱ्यांमधून स्वतःही सरकत असल्याने हिशेब बिघडतो.