इतिहासावर सर्वांत मोठा परिणाम करणारं राजकीय भाषण कोणतं? असं भाषण करायला काय लागतं?

या प्रश्नाला लोक ठरलेली नावं देतात: लिंकन, चर्चिल, मार्टिन ल्यूथर किंग, नेहरूंचं मध्यरात्रीचं भाषण. नावं बरोबरच आहेत. पण अशा प्रत्येक यादीत व्यासपीठावरचा माणूस तेवढा दिसतो. त्याचं बोलणं लोकांपर्यंत गेलं कसं, हे कुणी विचारत नाही, आणि मला याचा मनापासून राग येतो. माझे बाबा गिरगावात माईकवाले होते. मुंबईतल्या मैदानांवर त्यांनी आयुष्यभर कर्णे बांधले.

माझं उत्तर विचाराल तर ८ ऑगस्ट १९४२, गोवालिया टँक, गांधीजींचं ‘करेंगे या मरेंगे’. का ते पुढे सांगते. आधी ७७ सालची एक सभा सांगते, कारण भाषण म्हणजे काय ते मला तिथे कळलं.

आणीबाणीनंतरची निवडणूक होती. परळच्या कामगार मैदानावर सभा होती. बाबांच्या हाताखालचा मुलगा गावाला गेला होता, म्हणून मला बरोबर नेलं होतं. मी नववीत होते. बाबांची कामाची पद्धत ठरलेली होती. माईक जोडला की ते स्टेजकडे पाठ करून मैदानाच्या पार टोकाला चालत जायचे आणि तिथल्या माणसाला विचारायचे, “नीट ऐकू येतंय ना?” त्या दिवशी मला त्यांनी फाटकाजवळच्या शेवटच्या बांबूखाली उभं केलं होतं. आवाज गेला तर हात वर करायचा, एवढंच काम.

वक्ता मोठा होता. नाव सांगत नाही, त्यावरून इथे भलतीच भांडणं सुरू होतील. भाषण रंगात आलं आणि कुणाचा तरी पाय वायरीत अडकून आमच्या बाजूचे कर्णे एकदम गप्प झाले. स्टेजवर कुणाला पत्ता नाही, कारण पुढचे कर्णे चालू होते आणि पुढे टाळ्या पडत होत्या. मागे मात्र “काय म्हणाला? काय म्हणाला?” सुरू झालं. पुढच्या रांगेतला एक जण वळून वाक्य सांगायचा, तो त्याच्या मागच्याला सांगायचा, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर त्यातला जोर गेलेला असायचा. पाळी सुटून थेट मैदानावर आलेली माणसं होती ती. थोडा वेळ थांबली आणि खानावळीची वेळ टळेल म्हणून फाटकाकडे निघाली. मी हात वर करून उभी होते. बाबा अंधारात वायर हाताने चाचपत धावत आले, भिंतीजवळ तुटलेला जोड सापडला, दाताने वायर सोलली आणि पीळ दिला. आवाज एका वाक्याच्या मधूनच परत आला. फाटकाबाहेर गेलेली माणसं वळून आत आली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेच शब्द, तोच वक्ता, पण मधली काही मिनिटं अर्ध्या मैदानासाठी भाषण झालंच नव्हतं.

माझे मोठे मामा इतिहास शिकवायचे. बाबा गेल्यावर घरी लोक बसलेले असताना ते म्हणाले, “भावोजी इतिहासाच्या जवळून गेले, पण त्यांचं काम वायरी जोडायचं.” मी तेव्हा काही बोलले नाही, घरात प्रसंगच तसा होता. आज बोलते.

मामांचेच दाखले घेऊ. १९०८ साली मुंबईच्या हायकोर्टात टिळकांनी राजद्रोहाच्या खटल्यात स्वतःचा बचाव केला. एकवीस तासांवर बोलले, तेही इंग्रजीत, ज्यूरीसमोर. ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं आणि न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. शिक्षेआधी टिळक जे चार शब्द बोलले ते आज हायकोर्टात संगमरवरात कोरलेले आहेत. पण त्या दिवसांत मुंबई बंद पाडली ती गिरणी कामगारांनी. सहा वर्षांची शिक्षा म्हणून सहा दिवसांचा संप. ती माणसं कोर्टात नव्हती आणि बहुतेकांना इंग्रजीही येत नव्हतं. वर्तमानपत्रं, ती मोठ्याने वाचून दाखवणारे आणि चाळीचाळींत फिरणारे कार्यकर्ते, यांच्यामुळे ते गिरणगावात पोचलं. हा संप दूर बसलेल्या लेनिनच्याही नजरेत भरला, त्याने त्यावर लिहिलं.

चर्चिलचं ‘किनाऱ्यांवर लढू’ हे ४ जून १९४०चं भाषण घ्या. ते पार्लमेंटात झालं, रेडिओवरून त्याच्या आवाजात गेलंच नाही. संध्याकाळी बातम्या देणाऱ्याने त्यातले उतारे वाचले. आज आपण जी ध्वनिफीत ऐकतो ती त्याने १९४९ साली बोललेली आहे. म्हणजे त्या दिवशी ब्रिटनमध्ये घराघरांत जे शब्द गेले ते दुसऱ्याच कुणाच्या तोंडून.

आणि ४२ साल. ठराव ८ तारखेच्या रात्री मंजूर झाला, त्यानंतर गांधीजी हिंदीत आणि इंग्रजीत बोलले, आणि ९ तारखेला उजाडायच्या सुमारास ते आणि सगळे मोठे नेते पकडले गेले. वर्तमानपत्रांवर बंधनं आली. भाषण तिथेच संपवायचा सरकारचा बेत होता. तरी चळवळ पेटली, कारण सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं घरोघर फिरली आणि मुंबईतूनच गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला, ४२.३४ मीटरवर. उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या होत्या. पोलिसांना चुकवत जागा बदलत त्यांनी तो नोव्हेंबरपर्यंत चालवला. वक्ता तुरुंगात असताना ज्याचा परिणाम देशभर वाढत गेला ते भाषण मी सर्वांत मोठं मानते.

संयुक्त महाराष्ट्राचंही तेच. अत्र्यांच्या शिवाजी पार्कवरच्या सभांची आठवण सगळे काढतात, पण १९५६च्या नोव्हेंबरात त्यांनी दैनिक ‘मराठा’ काढला, तो मैदानावर नसलेल्या माणसापर्यंत जायला. शाहीर अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे डफ घेऊन फिरले ते त्याचसाठी.

आता, असं भाषण करायला काय लागतं? मला बाबांकडून कळलं तेवढंच सांगते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शिवाजी पार्कसारख्या मैदानावर स्टेजजवळच्या कर्ण्यांचा आवाज मागच्या माणसाला उशिरा येतो आणि जवळच्या कर्ण्याच्या आवाजावर आदळतो. लांबलचक वाक्य घेतलं की मागे नुसता गलका ऐकू येतो. चांगले मैदानी वक्ते वाक्य तोडतात, थांबतात, मग पुढचं घेतात. लोक त्याला शैली म्हणतात. बाबा म्हणायचे, त्याला मागच्या माणसाची जाण आहे. तेव्हा आरशासमोर सराव करू नका. रिकाम्या मैदानाच्या टोकाला मित्राला उभं करा आणि त्याला काय कळलं ते विचारा. विषय काय निवडावा, भाषा कशी असावी, हे मला विचारू नका. ते दुसऱ्या कुणी सांगावं.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. पोचलेलं भाषण चांगलंच असतं असं मी म्हणत नाही. नाझींनी स्वस्त रेडिओ घरोघरी दिले ते याच कामासाठी, आणि त्याचं काय झालं ते जगाने भोगलं. बाबांनीही काही सभांना कर्णे द्यायला नकार दिला होता, त्याची झळ आमच्या घराला बसली.

मामा अजूनही ठणठणीत आहेत आणि हे वाचतील. मामा, काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवणारे मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीचे नानिक मोटवाने तुम्हाला माहीत असतील. काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषाबेनबरोबर तेही आरोपी होते, पुढे निर्दोष सुटले. वायरी जोडणाऱ्याला इंग्रज सरकारने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. तुमच्या वर्गात तुम्ही त्यांचं नाव एकदा तरी घेतलंत का, एवढं मला सांगा.