इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे लेखन आज कितपत ग्राह्य धरावे?

त्यांनी छापलेले जुने कागद डोळे मिटून नव्हे, पण भरवशाने घ्या. त्यांवरचे निष्कर्ष मात्र तपासूनच. राजवाड्यांनी (1863–1926) गावोगाव वाड्यांतली दप्तरे धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड छापले. 1898च्या पहिल्याच खंडात पानिपतपर्यंतची अस्सल पत्रे आहेत. त्यांना वळसा घालून पेशवाईवर लिहिता येत नाही. प्रस्तावनांत मात्र राष्ट्राभिमान आणि ब्राह्मणी पूर्वग्रह उघड दिसतात. कायस्थ प्रभूंविषयीच्या लेखनाला प्रबोधनकार ठाकऱ्यांनी ‘कोदंडाचा टणत्कार’मधून सडेतोड उत्तर दिले. तरीही राजवाड्यांना निव्वळ सनातनी म्हणू नका: त्यांच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ने सनातन्यांचीच झोप उडवली होती. त्यांनी दिलेल्या शब्दांच्या व्युत्पत्त्या? बऱ्याचशा ओढूनताणून.