क्रिएटिनिन दोघांचेही १.४, मग गोळी एकाचीच कमी का?

प्रश्न : सासूबाई ७२ वर्षांच्या, सासरे ७५. दोघांनाही मधुमेह, दोघेही रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात. यंदा दोघांचेही क्रिएटिनिन १.४ आले. डॉक्टरांच्या संगणकावर फक्त सासूबाईंच्या नावापुढे लाल पट्टी आली. त्यांची मधुमेहाची गोळी मेटफॉर्मिन दिवसाला २००० वरून १००० मिलिग्रॅमवर आणली आणि गुडघ्याची गोळी बंद केली. संगणकावर विश्वास ठेवावा का?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : इथे ठेवावा. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि मूत्रपिंडे ते रक्तातून बाहेर टाकतात. बायकांच्या अंगात स्नायू कमी, म्हणून तोच आकडा त्यांच्या बाबतीत जास्त बिघाड दाखवतो. संगणक क्रिएटिनिन, वय आणि लिंग घेऊन ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज काढतो. २०२१ च्या सूत्राने सासूबाईंचा ४० येतो, सासऱ्यांचा ५२. मेटफॉर्मिनची मात्रा ४५ च्या खाली निम्मी करतात आणि ३० च्या खाली गोळी बंद. मात्र एका रिपोर्टवरून मूत्रपिंडाच्या आजाराचा शिक्का मारू नये. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी झाले तरी आकडा चढतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, सोबत लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिनही.

गुडघ्याच्या गोळीचे कारण जास्त महत्त्वाचे आहे. रक्तदाबाच्या गोळीच्या पाकिटामागची बारीक अक्षरे वाचा. टेल्मिसार्टनसोबत पुष्कळदा हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध त्याच गोळीत असते. मूत्रपिंडाच्या गाळणीत रक्त आणणारी नळी डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक आवळते, बाहेर नेणारी नळी टेल्मिसार्टन सैल करते, आणि अंगातले पाणी तिसऱ्या औषधाने आधीच घटलेले असते. गाळणीतला दाबच पडतो. पावसाळ्यात जुलाब लागले की हेच त्रिकूट माणसाला दवाखान्यात नेते. तेव्हा त्या दिवसांपुरती कोणती गोळी थांबवायची, हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या. गुडघ्यासाठी वरून लावायचे जेल किंवा पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून वापरता येते. हे त्रिकूट सासऱ्यांनाही तितकेच लागू आहे.

संगणकाला भरले तेवढेच कळते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोळी किंवा वैद्यांची पुडी त्याच्या यादीत नसते. पुढच्या वेळी घरातली सगळी पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

प्रश्न : क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमध्ये औषधांच्या सूचना सुरू केल्या. चार-पाच आजारांच्या रुग्णाला एका चिठ्ठीमागे आठ-दहा सूचना येतात आणि न वाचताच ‘ओके’ दाबले जाते. काय करावे?
– एक डॉक्टर, गडहिंग्लज

उत्तर : सूचना एकेका आजाराच्या नियमांवरून बनतात, रुग्ण मात्र एकच असतो. २००५ मध्ये अमेरिकेत पाच आजार असलेली ७९ वर्षांची एक काल्पनिक बाई घेऊन प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वे तंतोतंत पाळून पाहिली, तर तिच्या वाट्याला १२ औषधे आली.

काम अडवणाऱ्या सूचना मोजक्याच ठेवा: ईजीएफआर ३० च्या खाली असताना मेटफॉर्मिन, वर सांगितलेले त्रिकूट, पोटॅशियम ५ च्या वर असताना (पोटॅशियम वाढवणारे) स्पायरोनोलॅक्टोन, रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनसोबत डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक. बाकीच्या बाजूच्या रकान्यात जाऊ द्या. अडवणारी सूचना ओलांडताना कारण लिहायची सक्ती ठेवा आणि महिन्याने ती कारणे वाचा. जी सूचना दर वेळी ओलांडली जाते, तिची मर्यादा चुकलेली असण्याची शक्यता मोठी.

मग ब्रँडची यादी तपासा. आपल्याकडे चिठ्ठी ब्रँडने लिहिली जाते आणि एका गोळीत दोन-तीन घटक असतात. ब्रँडमागे घटक भरलेले नसतील तर सूचना येतच नाही. असेक्लोफिनॅक १०० आणि पॅरासिटामॉल ३२५ एकत्र असलेल्या गोळीवर वेगळे पॅरासिटामॉल लिहिले जाते, ते असेच. क्रिएटिनिनच्या आकड्याशेजारी तारीखही दिसली पाहिजे. वर्षभरापूर्वीच्या आकड्यावर आलेली हिरवी खूण फसवी असते.

एक सूचना उलट्या बाजूने फसवते. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहतात. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत चढले आणि पोटॅशियम ठीक असले, तर गोळी चालू ठेवता येते. सॉफ्टवेअर घाबरवते म्हणून ती थांबवली, तर मूत्रपिंडाला जपणारे औषधच हातून जाते.

शेवटी माणूस लागतोच. भारत-पाकिस्तानातल्या १० मधुमेह केंद्रांतल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सॉफ्टवेअरसोबत पाठपुरावा करणारा समन्वयक होता. साखर आणि जोडीला रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल आटोक्यात आलेले रुग्ण तिथे १८ टक्के होते, नेहमीच्या उपचारात ८. उलट हरियाणा-कर्नाटकातल्या ४० आरोग्य केंद्रांत टॅबवरची प्रणाली दिली, तेव्हा (२०१९) दोन्ही गट सुधारले, पण त्यांच्यात फरक निघाला नाही. म्हणून आम्ही म्हणू, एका सिस्टरला रोज अर्धा तास फक्त चुकलेल्या तपासण्यांचे फोन करायला द्या. नवीन सॉफ्टवेअरचा विचार त्यानंतर.

प्रश्न : रक्तदाबासाठी लो-सोडियम मीठ आणले आहे. चालेल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मूत्रपिंडे धड असतील तर चालते. त्यात सोडियमऐवजी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असते. ईजीएफआर कमी असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी काही चालू असेल, तर ते पोटॅशियम रक्तात साठू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. रोजच्या शहाळ्यातही पोटॅशियम असते, म्हणून त्याचेही तेच. घरात मीठ कोणते, हा रकाना सहसा सॉफ्टवेअरमध्ये नसतो, तेव्हा ते आपणहून सांगा.