बाबांच्या आजारपणात सही कोणाची?

न्यू जर्सीहून एका भगिनीचं पत्र आलंय. वडील ७६ वर्षांचे, ठाण्यात नौपाड्याला राहतात. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. आई आणि दादाने ठरवलं की बाबांना ‘आतड्याला सूज आहे’ एवढंच सांगायचं. ऑपरेशनच्या फॉर्मवर दादा सही करेल. ‘मी इतक्या लांबून काय बोलणार?’ असं त्या विचारतात.

ताई, तुम्ही बोलायलाच हवं.

बाबा शुद्धीवर आहेत, त्यांना समजतं, तर त्यांच्या शरीराबद्दलची संमती दुसरं कोणी देऊ शकत नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचं गर्भाशय आणि अंडाशय बाहेर थांबलेल्या आईची परवानगी घेऊन काढलं होतं. जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून आईची संमती न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. सख्ख्या आईची!

आणि नुसती सही म्हणजे संमती नव्हे. आजार काय, करणार काय, धोके कोणते, दुसरा उपाय आहे का, काहीच न केल्यास काय होईल, हे माणसाला आधी कळायला हवं. आतड्याच्या ऑपरेशननंतर काही वेळा शौचासाठी पोटाला पिशवी लावावी लागते. सुजेसाठी आत गेलेला माणूस शुद्धीवर येऊन ती पिशवी पाहील, तेव्हा त्याला काय उत्तर देणार?

शिवाय त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. रविवारी येणारा तुमचा फोन आता रोज येतो, दुधाची पिशवीसुद्धा त्यांना कोणी उचलू देत नाही. उद्या गाडी खारघरला टाटाच्या कॅन्सर केंद्राकडे वळली, तर ठाण्यातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. तुम्ही खचाल म्हणून ते गप्प, ते खचतील म्हणून तुम्ही. माझ्या आईलाही आम्ही ‘खडा आहे’ असंच सांगितलं होतं. एकदा ती बांगड्या कोणाला द्यायच्या ते बोलू लागली आणि मी म्हटलं, ‘काहीतरीच काय बोलतेस!’ पुन्हा तिने विषय काढला नाही. ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं.

सर्जनकडे अर्धा तास मागा. इथली संध्याकाळची साडेसहाची वेळ घ्या, तुमच्याकडे तेव्हा सकाळचे आठ-नऊ असतील. खुर्चीत बाबा, शेजारी दादा, व्हिडिओवर तुम्ही. पहिला प्रश्न बाबांनाच: ‘रिपोर्टमधलं किती सांगू? सगळं ऐकायचंय, की दादाने बघावं?’ ‘तुम्हीच बघा’ म्हणाले, तर तोही त्यांचाच निर्णय, तो पाळा. पण चार दिवसांनी पुन्हा विचारा. फॉर्म मराठीत मागा आणि आदल्या दिवशी घरी आणा. स्ट्रेचरवर पडल्यावर कोणाच्याच डोक्यात काही शिरत नाही.

एक सांभाळा. लांबून येऊन अपराधीपणापोटी ‘सगळे उपचार कराच’ म्हणणाऱ्या मुलांवर १९९१ साली एका वैद्यकीय लेखात लिहिलं गेलं होतं, ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ या नावाने. दादाने रात्री जागवल्यात. त्याला जाब विचारू नका.

आणि सगळ्यात आधी आईला फोन करा, बाबा तलावपाळीला फिरायला गेलेले असतील तेव्हा. ठरवलं तिनेही असेल, पण दिवसरात्र त्यांच्यासमोर ते लपवत राहायचं तिलाच आहे.